बाळाला अन्न बाधते तेव्हा : अंडे बंद करू नका, खुणा ओळखा



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर गावरान कोंबड्यांचे वाटप केले. देणगी तुमची होती, कोंबड्या घरोघरी पोहोचवण्याचे काम आमचे होते. लेकरांच्या तोंडी रोज एक अंडे पडावे, एवढाच हेतू होता. पोळ्याच्या आठवड्यात कोंबड्या अंड्यावर आल्या. एका आईने आपल्या आठ महिन्यांच्या बाळाला उकडलेल्या अंड्याचा पहिला घास भरवला.

पाच-सात मिनिटांत बाळाच्या तोंडाभोवती लाली आली. मग पोटावर, पाठीवर गांधी उठल्या. ओठ सुजले. दोन उलट्या झाल्या, आणि रडणारे बाळ एकाएकी गप्प होऊन आईच्या खांद्यावर सैल पडले. आजी म्हणाली, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या उतरवायची तयारी सुरू झाली. पण तो लसीकरणाचा दिवस होता. नर्सबाई अंगणवाडीत बसल्या होत्या. शेजारणीने बाळ उचलले आणि धावत त्यांच्याकडे नेले. त्यांनी बाळाला एकदा पाहिले, आपली पेटी उघडली आणि मांडीत एक इंजेक्शन दिले. थोड्या वेळाने बाळ पुन्हा रडू लागले. ते रडणे ऐकून आई खाली बसली. मग १०८ ची गाडी आली आणि बाळाला रुग्णालयात नेऊन रात्रभर देखरेखीखाली ठेवले. बाळ वाचले.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा वस्तीवर गेले. कोंबड्या अंगणात फिरत होत्या, पण एकाही घरात लेकरांना अंडे दिले जात नव्हते. सगळी अंडी आठवडी बाजारात जात होती. "ताई, मिशनच्या कोंबड्या लेकरांना बाधतात," असे एका आजीने मला तोंडावर सांगितले. अंगणवाडीच्या वजनाच्या नोंदी पाहिल्या. आधीच नाजूक असलेल्या दोन मुलांचे वजन घटले होते.

चूक आमची होती. आम्ही कोंबड्या दिल्या, पण पहिले अंडे कसे भरवावे आणि ते बाधले तर काय करावे, हे कोणालाच सांगितले नाही. म्हणून या अंकात हा विषय सविस्तर मांडत आहे. तो वस्तीवरच्या आईसाठी जितका आहे, तितकाच तुमच्या-माझ्या घरासाठीही आहे.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. राखणीच्या कुत्र्याने चोरावर भुंकावे तशी ती जंतूंवर तुटून पडते. पण एखादा कुत्रा घरच्या पाहुण्यालाही चोर समजतो. तसेच काही बाळांच्या शरीरात होते. अंड्यातील, दुधातील किंवा शेंगदाण्यातील प्रथिन हे खरे तर अन्न असते, पण शरीर त्याला शत्रू ठरवते. मग काही पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम बाहेर पडतात. कातडीवर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, श्वासनलिका आवळते, रक्तदाब खाली येतो. हे सारे काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत घडते.

अशा तीव्र प्रतिक्रियेला डॉक्टर ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. हा शब्द १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी रूढ केला. समुद्री जीवाच्या विषाची थोडी मात्रा दिली की कुत्र्यांना त्या विषाची सवय होईल, असे त्यांना वाटले होते. घडले उलटेच. दुसऱ्या वेळी अगदी थोड्या मात्रेनेही कुत्रे दगावले. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून एक गोष्ट समजते. ॲलर्जी दिसण्याआधी शरीराची त्या पदार्थाशी कुठेतरी ओळख झालेली असते. बाळाने तो पदार्थ कधी खाल्लेला नसला, तरी खरजेसारख्या फुटलेल्या कातडीतून त्याचे कण शरीरात गेलेले असू शकतात. म्हणून पहिल्याच घासालाही प्रतिक्रिया येऊ शकते. त्यात आईचा दोष नसतो. तिच्या हाताचा नाही, कोणाच्या नजरेचाही नाही.

बाळांमध्ये ही प्रतिक्रिया बहुधा गाईचे दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, तीळ, काजू-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळे आणि मासे यांमुळे येते.

साधे बाधणे आणि धोक्याचे बाधणे

आपल्याकडे "अमक्याला तमके वावडे आहे" असे सहज म्हणतात. त्यातले बरेचसे वावडे ॲलर्जी नसते. दूध पचले नाही तर पोट फुगते, जुलाब होतात. त्रास होतो, पण श्वास अडत नाही. टोमॅटो किंवा लिंबाचा रस लागून बाळाच्या ओठांभोवती लालसर डाग उठतात आणि थोड्या वेळाने जातात. त्यातही घाबरण्यासारखे काही नाही.

मोठे माणूस "घसा आवळतोय" असे सांगू शकते. बाळ बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या खुणा आपणच वाचाव्या लागतात. काहीतरी खाल्ल्यानंतर मिनिटांत किंवा तास-दोन तासांत यातले काही दिसले तर सावध व्हा :

कातडी : अंगावर गांधी, चेहरा-ओठ-पापण्यांना सूज, एकाएकी लाली.

श्वास : सतत खोकला, छातीतून शिट्टीसारखा आवाज, बसलेला किंवा बदललेला रडण्याचा आवाज, लाळ गिळता न येणे, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे.

पोट : एकामागून एक उलट्या.

शुद्ध व रक्ताभिसरण : बाळ सैल पडणे, अवेळी झोपाळू होणे, फिकट किंवा निळसर दिसणे, हातपाय गार पडणे.

नियम सोपा आहे. केवळ दोन-चार गांधी असतील आणि बाळ खेळत असेल, तर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. कातडीच्या खुणेबरोबर श्वास, वारंवार उलट्या किंवा सैलपणा यांतले एक जरी दिसले, तर ती आणीबाणी समजा. आणि एक लक्षात असू द्या. दहापैकी एक-दोन रुग्णांत कातडीवर काहीच दिसत नाही. अन्न खाल्ल्यावर बाळाचा श्वास अडला किंवा ते सैल पडले, तर गांधी उठण्याची वाट पाहू नका.

घशात घास अडकणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात खाता-खाता बाळ अचानक खोकते, आवाज बंद होतो, पण सूज किंवा गांधी नसतात. तेव्हा बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीवर थोपटे मारावे लागतात. म्हणून लहान मुलांना अख्खे शेंगदाणे कधीच देऊ नयेत, बारीक कूट करून अन्नात मिसळूनच द्यावेत.

त्या अर्ध्या तासात काय करायचे?

पहिले : तोंडातले अन्न बोटाने अलगद काढा, तोंड पुसा. घशात बोटे घालून उलटी काढू नका.

दुसरे : बाळाला आडवे ठेवा, पाय थोडे वर उचला. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. श्वास लागला असेल तर मांडीवर अर्धवट टेकवून धरा. खांद्यावर उभे धरून पळू नका. रक्तदाब उतरलेला असताना उभे धरणे घातक ठरते.

तिसरे : १०८ ला फोन करा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोनवर "बाळाला ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आली आहे, श्वास लागला आहे," असे स्पष्ट सांगा. गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मोठ्या शहराची वाट धरण्याआधी पहिले इंजेक्शन जवळ मिळणे महत्त्वाचे आहे.

चौथे : तोंडावाटे काही देऊ नका. पाणी नाही, तूप नाही, हळद-दूध नाही, अंगारा कालवलेले पाणीही नाही.

पाचवे, आणि सर्वांत महत्त्वाचे : या प्रतिक्रियेवरचे खरे औषध ॲड्रिनॅलिन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत देतात. मात्रा वजनावर ठरते, दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे आठ किलोच्या बाळाला फार थोडे औषध लागते, आणि ते प्रशिक्षित हातानेच मोजावे. उतार पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा देता येते. ॲड्रिनॅलिन रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वर आणते, श्वासनलिका मोकळी करते आणि सूज उतरवते. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, पण अडलेला श्वास त्या गोळीने मोकळा होत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा परिणाम दिसायला काही तास जातात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर "ॲड्रिनॅलिन दिले का?" असे नम्रपणे पण ठामपणे विचारा.

सहावे : बाळ सावरले तरी लगेच घरी आणू नका. काही रुग्णांत काही तासांनी प्रतिक्रिया पुन्हा उसळते. डॉक्टर सांगतील तेवढा वेळ देखरेखीखाली राहा.

परदेशात अशा मुलांचे आईवडील पेनासारखी तयार सुई जवळ बाळगतात. आपल्या वस्त्यांवर ती नाही. आपल्याकडे आहे काचेची छोटी कुपी, साधी सिरिंज आणि ती वापरू शकणारी माणसे. लसीकरणाच्या ठिकाणी लसीची तीव्र प्रतिक्रिया आली तर वापरण्यासाठी ॲड्रिनॅलिनची पेटी ठेवलेली असते, आणि तिची पहिली मात्रा देण्याचे शिक्षण नर्सबाईंना दिलेले असते. आपल्या बाळाचा जीव त्याच पेटीने वाचला. पण लसीकरण रोज नसते. त्या दिवशी योग जुळून आला, तसा तो दरवेळी जुळेलच असे नाही.

हर्सूलला राहणाऱ्या आपल्याला घाटी रुग्णालय जवळ आहे. त्या वस्तीवरून आधी पायवाट, मग कच्चा रस्ता, मग कन्नड आणि तिथून शहर साठेक किलोमीटर. ॲनाफायलॅक्सिस इतकी सवड देत नाही. म्हणून सुई रुग्णाच्या जवळ जायला हवी. हे अशक्य नाही, हे आपल्याच महाराष्ट्राने दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील साध्या, थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवले. त्यात जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणेही होते. तीन वर्षांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. तो आजार वेगळा, औषध वेगळे. पण नीट शिकवलेला गावातला हात बाळाचा जीव वाचवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

मग अंडे बंदच का करू नये?

त्या आजीचा प्रश्न चुकीचा नव्हता. एक लेकरू मरता मरता वाचले, मग बाकीच्यांना ते अन्न का द्यावे?

उत्तरासाठी दोन धोके शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. अन्नाची ॲलर्जी आपल्याकडे विरळ आहे. दक्षिण भारतातील ७ ते १० वर्षांच्या शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २०२० साली प्रसिद्ध झाली, अन्नाची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता असलेली मुले हजारात एक-दोनच निघाली. दुसरीकडे, जगात पाच वर्षांखालील मुलांचे जे मृत्यू होतात, त्यांतील जवळपास निम्म्यांशी कुपोषणाचा संबंध असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुपोषित मूल साध्या न्यूमोनियाने, जुलाबाने जाते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असते. भाकरीच्या पाण्यावर आणि चहा-बिस्किटावर वाढणाऱ्या लेकराला ते सहा ग्रॅम फार मोलाचे आहेत.

आणि टाळण्याने ॲलर्जी टळते असेही नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००८ साली तो सल्ला मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी एका अभ्यासातून दिसले, की लंडनमधील यहुदी मुलांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीचे प्रमाण इस्राएलमधील यहुदी मुलांच्या सुमारे दहापट होते. इस्राएलमध्ये बाळांना शेंगदाण्याचा मऊ खाऊ लवकर देतात, लंडनमध्ये देत नव्हते. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने ४ ते ११ महिन्यांची, ॲलर्जीचा मोठा धोका असलेली ६४० बाळे निवडली. काहींना आठवड्यातून किमान तीन वेळा शेंगदाण्याचे पदार्थ दिले, काहींना पूर्ण वर्ज्य केले. २०१५ साली निष्कर्ष आला. पाचव्या वर्षी, वर्ज्य केलेल्या शंभर मुलांत सुमारे १७ जणांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्या शंभरात सुमारे तिघांनाच.

म्हणजे भीतीपोटी सगळ्या वस्तीने अंडे बंद करणे हे दुहेरी नुकसान आहे. प्रथिन जाते, आणि ॲलर्जी वाढण्याचीच शक्यता राहते. ज्या एका बाळाला अंडे बाधले, त्याला मात्र अंडे पूर्ण बंद. आजमावून पाहण्यासाठी घरी चिमूटभरही नाही. पुढे देऊन पाहायचे तर डॉक्टरांच्या समोरच. अंडे आणि दूध यांची ॲलर्जी बरीच मुले शाळेच्या वयापर्यंत मागे टाकतात. शेंगदाण्याची बहुधा टिकते.

पहिला घास कसा द्यावा?

सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे आणि अंगावरचे दूधही चालू ठेवावे. नवा पदार्थ एका वेळी एकच. बाळ बरे असताना, सकाळी, घरी. अंडे पूर्ण उकडून, कुस्करून, आधी अगदी पाव चमचा. शेंगदाण्याचे कूट पातळ करून, तेवढेच. दोन तास लक्ष ठेवावे. काही झाले नाही तर हळूहळू वाढवावे आणि मग आठवड्यातून दोन-तीन वेळा देत राहावे. बाळाला जुनी, चिघळणारी खरूज असेल किंवा आधी एखादे अन्न बाधले असेल, तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

मदत देणाऱ्या आपल्यासाठी दोन शब्द

लेकराने अंडे मागितले तर बाप त्याच्या हातावर विंचू ठेवील का, या प्रभूने केलेल्या प्रश्नाची त्या वस्तीवरून परतताना मला सारखी आठवण येत होती. आपण अंडेच दिले होते. पण देणे तिथे संपत नाही, हे आम्ही शिकलो.

म्हणून आता तीन गोष्टी करत आहोत. एक, कोंबड्यांबरोबर चित्रांचे एक पान जाते. त्यात पहिला घास, धोक्याच्या खुणा आणि १०८ एवढेच आहे. वाचता न येणाऱ्या आईलाही ते कळते. दोन, कोणतेही पाकीट देताना आत काय आहे ते सांगतो आणि बाळाला काही बाधते का ते विचारतो. चिक्कीत शेंगदाणा असतो, बिस्किटात गहू आणि दूध असते. तीव्र कुपोषित मुलांना जी तयार उपचाराची पेस्ट देतात, तिच्यात बहुधा शेंगदाणा आणि दूध पावडर दोन्ही असतात. तीन, ज्याला ॲलर्जी आहे त्या बाळासाठी एक कार्ड. त्यावर बाधणारा पदार्थ आणि "ॲड्रिनॅलिन लगेच द्यावे" हे मोठ्या अक्षरांत. दिवाळीनंतर ही कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कोपीत राहतात. तिथला डॉक्टर बाळाला ओळखत नसतो. तिथे हे कार्डच बाळाची ओळख सांगते.

तुम्हीही आपल्या मंडळीत एवढे करू शकता. संडेस्कूलच्या खाऊपूर्वी, नाताळच्या प्रीतिभोजनापूर्वी, "कोणाच्या बाळाला काही बाधते का?" असे विचारा. आपल्या जवळच्या दवाखान्यात ॲड्रिनॅलिन असते का, ते संकट येण्याआधी चौकशी करून ठेवा.

ते बाळ आता चालू लागले आहे. अंडे खात नाही, शेंगदाण्याचे कूट घातलेली भाजी-भाकरी आवडीने खाते. त्याची चार वर्षांची बहीण मात्र रोज एक अंडे खाते. ते तिला भरवते तीच आजी.

प्रभूच्या सेवेत,
आपली एक भगिनी
हर्सूल, छत्रपती संभाजीनगर